यंत्राची कुरकूर

मराठी भाषेला आवाजांची मोठी पारख आहे. जात्याची घरघर, वंगण संपलेल्या चाकाची कुरकूर, नव्या वहाणांची करकर, डासांची गुणगुण, वाळलेल्या पानांची सळसळ, बसलेल्या घशाची खरखर, अशी प्रत्येक आवाजाला येथे निरनिराळी नावे आहेत. ज्या माणसांनी ही नावे दिली, त्यांनी ती देण्यापूर्वी नीट कान देऊन ऐकले असले पाहिजे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरून वंगणाची नळी हाती घेई. चाक मोडून पडेपर्यंत तो वाट पाहत नसे. जी गोष्ट बैलगाडीची, तीच विजेवर चालणाऱ्या यंत्राची. यंत्र बंद पडण्यापूर्वी बहुधा बोलू लागते. त्याचे बोलणे समजून घेण्याची कला आज एका निराळ्याच क्षेत्रात जपली जात आहे. ते क्षेत्र म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ खेळांची दुरुस्ती.

१९७८ साली जपानमधील ताइतो या कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ बाजारात आणला. तोमोहिरो निशिकादो या अभियंत्याने तो रचला होता. पुढे मिडवे या कंपनीने अमेरिकेत त्याची यंत्रे तयार केली. माणसाच्या उंचीचे एक लाकडी कपाट, त्यात एक काचेचा पडदा, पडद्याखाली बटणे आणि नाणे टाकण्यासाठी एक फट, असे या यंत्राचे रूप होते. नाणे आत पडले की पडद्यावर अकरा-अकरांच्या पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी उभे राहत आणि डावीउजवीकडे सरकत सरकत खाली उतरू लागत. त्यांच्या पावलांबरोबर चार खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा वाजत. जणू भ्यालेल्या माणसाच्या छातीतील ठोकेच! अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात 'द स्ट्राँग' नावाचे खेळांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याने २०१६ साली या खेळाला आपल्या सन्मानयादीत स्थान दिले.

या यंत्रांनी आता चाळिशी केव्हाच ओलांडली आहे. वय झाले की माणसाला जशा व्याधी जडतात, तशा त्यांनाही जडतात. त्यांतली एक नेहमीची व्याधी म्हणजे नको असलेला आवाज. खेळ सुरू होण्यापूर्वीच कपाटातून अखंड 'घूंऽऽ' असा नाद येऊ लागतो आणि ते चार स्वर त्यात बुडून जातात. उतावळा मालक अशा वेळी आवाजाचे बटण फिरवून तो कमी करतो. पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थोडेच राहते! दुसरा एखादा आवाजाची सगळी जुनी पाटी उपटून नवी बसवतो. एवढा खर्च करूनही पुष्कळदा घूं तशीच राहते, कारण दोष त्या पाटीत नसतोच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी त्याची गत होते.

जाणता दुरुस्तीकार हत्यारांच्या पेटीला लगेच हात लावीत नाही. तो आधी यंत्रासमोर स्वस्थ बसून ऐकतो. मग आवाजाचे बटण हळूहळू शून्यावर आणतो. घूं कमी झाली, तर दोष बटणाच्या अलीकडे, म्हणजे जेथे खेळाचे आवाज तयार होतात त्या बाजूला आहे. बटण शून्यावर येऊनही घूं जशीच्या तशी राहिली, तर दोष पलीकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या भागात किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे. एक बटण फिरवण्याच्या या साध्या कसोटीने अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते.

यानंतर तो घूंची पट्टी ओळखू पाहतो. अमेरिकेत घरात येणारी वीज सेकंदाला ६० वेळा मागेपुढे हेलकावते. भारतात ती ५० वेळा हेलकावते. यंत्राच्या नाजूक भागांना असली झुलणारी वीज चालत नाही; त्यांना एकाच दिशेने वाहणारी संथ वीज लागते. म्हणून पुरवठ्याच्या भागात हे दोन्ही दिशांचे हेलकावे एकाच दिशेला वळवतात. त्यामुळे सेकंदाला ६० हेलकाव्यांचे १२० उमाळे होतात. हे उमाळे सपाट करण्याचे काम कपॅसिटर नावाचा भाग करतो. जुने रेडिओ-दुरुस्तीकार त्याला कंडेन्सर म्हणत. त्याची करणी गच्चीवरच्या टाकीसारखी असते. नळाला पाणी थांबून थांबून आले, तरी टाकीमुळे घरातली धार एकसारखी राहते. कपॅसिटरच्या पोटात एक ओलसर द्रव्य असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सुकत जाते, टाकी जणू लहान होत जाते आणि विजेचे उमाळे थेट कर्ण्यापर्यंत पोहोचतात. ऐकू येणारी घूं ती हीच.

येथे संगीताचा कान उपयोगी पडतो. १२० ही ६० ची बरोबर दुप्पट, म्हणून १२० कंपनांचा सूर ६० कंपनांच्या सुराहून नेमका एका सप्तकाने वर असतो. घूं वरच्या सप्तकातली असेल, तर पहिला संशय सुकलेल्या कपॅसिटरवर जातो. ती खालच्या सप्तकातली असेल, तर जमिनीशी जोडलेली तार ढिली झाली असण्याचा, किंवा एखादी तार विजेच्या तारांना खेटून जात असल्याचा संभव अधिक. षड्ज आणि तार षड्ज यांतला भेद ज्याला कळतो, त्याचे अर्धे काम यंत्र उघडण्यापूर्वीच झालेले असते.

इतर आवाजांचीही अशीच ओळख पटते. बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर बटणाच्या आत धूळ बसलेली असते किंवा तेथील पट्टी झिजलेली असते. कपाटावर हलकेच टिचकी मारताच कटकट होत असेल, तर एखाद्या जोडाचे डाक तडकलेले असण्याचा संभव असतो. पडद्यावरचे चित्र बदलताच गुणगुणही बदलत असेल, तर चित्राच्या विजेचा अंश आवाजाच्या वाटेत शिरत आहे, असे समजावे.

या कामाचा एक कडक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा ऐकावे. चार भाग एकदम बदलले आणि घूं थांबली, तर ती कशाने थांबली हे कधीच कळत नाही. उलट ती वाढली, तर ती कशाने वाढली हेही कळत नाही. म्हणून चांगला दुरुस्तीकार काय बदलले आणि काय ऐकू आले, हे वहीत लिहीत जातो. ज्याला आपण विज्ञानाची शिस्त म्हणतो, ती याहून फारशी वेगळी नाही.

दुसरा नियम त्याहूनही कडक आहे. जुन्या पडद्याच्या काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा विद्युद्भार असतो आणि वायर काढून घेतल्यावरही तो काही काळ आत दबा धरून राहतो. त्यामुळे असले कपाट उघडणे हे शिकलेल्या माणसाचेच काम आहे. मुलांनी तेथे हात चालवू नये. कान मात्र खुशाल चालवावेत.

आणि मुलांच्या कानांचा तेथे खरोखरच उपयोग होतो. पडद्यावरचे चित्र सुमारे २६२ आडव्या रेषांनी बनलेले असते आणि ते सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा हजारांहून अधिक रेषा झाल्या. या गतीने पडद्यामागचे रोहित्र थरथरते आणि त्यातून सुईसारखी बारीक 'चींऽऽ' निघते. वय वाढले की इतका उंच सूर ऐकू येईनासा होतो. तीस-तीस वर्षे यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या कानांना जो आवाज नसतोच, तो शेजारी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या नातीला स्वच्छ ऐकू येतो. अशा वेळी जाणता माणूस "तुला भास झाला" असे म्हणत नाही. तो तिला म्हणतो, "कुठून येतो तो, दुरूनच दाखव पाहू." आपल्याला जे ऐकू येत नाही, ते नसतेच असे नाही, हे ज्याला पटले तोच खरा दुरुस्तीकार.

मात्र ऐकू येणारा प्रत्येक वेडावाकडा आवाज म्हणजे दोष नव्हे. त्या काळच्या खेळांतला स्फोटाचा आवाज हा मुळात गोंगाटच होता. तो मुद्दाम निर्माण करून हव्या त्या क्षणी सोडला जाई. १९७२ साली अटारी या कंपनीसाठी ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' हा खेळ तयार केला, तेव्हा कंपनीचे प्रमुख नोलन बुशनेल यांना त्यात प्रेक्षकांच्या जल्लोषाचा आवाज हवा होता. तसली सोय करणे अल्कॉर्न यांना शक्य नव्हते. त्यांनी यंत्रात आधीपासूनच निर्माण होत असलेले सूर शोधून काढले आणि तेच चेंडूच्या टोल्याला दिले. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये पडद्यावरचे शत्रू कमी झाले की संगणकाचे ओझे हलके होई आणि उरलेले शत्रू भराभर धावू लागत. निशिकादो यांनी हा दोष मानला नाही. ते तसेच राहू दिले. पावलांच्या स्वरांची लयही तशीच चढत जाई आणि खेळणाऱ्याचा श्वास रोखला जाई. आज एखाद्याने यंत्र 'सुधारण्याच्या' भरात ही लय एकसारखी करून टाकली, तर यंत्र चालेल, पण तो खेळ उरणार नाही.

म्हणून दुरुस्तीकाराची खरी परीक्षा घूं थांबवण्यात नसून कोठे थांबावे हे ओळखण्यात असते. सुकलेला कपॅसिटर बदलावा, ढिली तार घट्ट करावी, धूळ पुसावी. परंतु ज्या किंचित खरबरीत सुरात ते यंत्र जन्मले, तो सूर पुसून टाकू नये. सगळी कामे आटोपल्यावर कान अगदी जवळ नेला, तर हलकीशी गुणगुण उरलेली असते. ती त्या यंत्राच्या श्वासोच्छ्वासासारखी असते. दुरुस्तीकार तिला हात लावीत नाही. तो कपाटाचे दार लावतो, नाणे टाकतो आणि ते चार स्वर आता स्वच्छ उमटतात की नाही, हे ऐकत उभा राहतो.