बीडच्या थंडीत रात्रीची आंघोळ

सोलापूरकडून येताना मांजरसुंब्याचा घाट ओलांडला की बालाघाटचे डोंगर मागे पडतात आणि बीड शहराची चाहूल लागते. डिसेंबरच्या एका दुपारी आम्ही त्या रस्त्याने आलो, आपाच्या घरी चार दिवस राहायला. सोबत अम्मी होत्या. गेली दोन वर्षे अम्मींची झोप उडाली आहे. इशाची नमाज झाली की अंथरुणावर पडतात, पण बारा वाजले तरी तसबीहचे मणी सरकल्याचा आवाज येतच असतो. डॉक्टरांनी गोळी दिली होती. ती घेतली की सकाळी डोके जड होते म्हणून त्यांनी आपणच बंद केली.

शहर पाच-सहा किलोमीटरवर असतानाच खजाना बावडी लागते. गाडी थांबवलीच. निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबत खानाने ही विहीर बांधून घेतली; बांधकाम राजा भास्कर याच्या देखरेखीखाली झाले असे सांगतात. सोळावे शतक उतरणीला लागले तेव्हाची गोष्ट. आतल्या बाजूने गोल सज्जा, दोन भुयारांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून बाहेर शेतांकडे जाते. ना मोट, ना मोटार. या दुष्काळी मुलखात एवढी अक्कल कोणी जमिनीखाली पुरून ठेवली, याचे प्रत्येक वेळी नवल वाटते. अम्मी जपून पायऱ्या उतरल्या, पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "हे तर कोमट आहे!"

खेड्यात वाढलेल्यांना यात नवे काही नाही. थंडीत विहिरीचे पाणी कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार. जमिनीच्या पोटातले तापमान वर्षभर फारसे हलत नाही. बदलतो तो आपला हात. पण अम्मींच्या तोंडून पुढे जे निघाले, त्यानेच हा लेख लिहायला घेतला. त्यांच्या माहेरी त्यांचे अब्बा शेतातून आले की मगरिबनंतर विहिरीच्या पाण्यात चुलीवरचे आधण मिसळून आंघोळ करीत आणि इशा झाल्यावर पाठ टेकताच घोरू लागत. "आम्ही मात्र सगळ्या सकाळी अंघोळ करतो आणि रात्री जागतो," अम्मी म्हणाल्या.

आपाच्या घरी तांब्याचा जुना बंब अजून आहे. त्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. कापूस-तुरीच्या या जिल्ह्यात शेत असलेल्यांना त्या विकत घ्याव्या लागत नाहीत. नळाला रोज पाणी येत नसल्याने पाणी मोजून वापरायची सवय आहे, म्हणून आंघोळ म्हणजे एक बादली. त्या रात्री साडेआठला अम्मींनी गरम पाण्याने आंघोळ केली, सुंठ घातलेले दूध घेतले, आपाशी गप्पा मारल्या आणि दहाच्या सुमाराला पडल्या. अकरा वाजता आम्ही डोकावलो तर तसबीह उशाशी आणि अम्मी गाढ झोपेत. प्रवासाचा शीणही असेल, आम्ही लगेच निष्कर्ष काढला नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही तसेच झाले.

यामागचे कारण वाचून पाहिले तेव्हा वाटले त्याच्या उलट निघाले. आम्हाला वाटायचे, अंगात ऊब भरते म्हणून झोप येते. खरे तर झोप येते ती शरीराच्या आतले तापमान उतरू लागते तेव्हा. दिवस मावळण्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असते आणि झोपेच्या वेळेच्या थोडे आधीपासून उतरू लागते. गरम पाण्याने कातडीखालच्या, विशेषतः हातापायांच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतली उष्णता रक्तावाटे तळव्यांपर्यंत येते आणि तिथून बाहेर पडते. आंघोळीनंतर तास-दीड तासाने आतला भाग निवतो आणि डोळे मिटू लागतात. अमेरिकेतील ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयाचे ५,३२२ अभ्यास चाळले. त्यांच्या मते पाणी साधारण ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस असावे, आंघोळ झोपण्याच्या एक ते दोन तास आधी व्हावी, आणि अशा आंघोळीने झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते. दहा मिनिटे ऐकून दूल्हेभाई हसले. ज्याला पडल्या पडल्या झोप लागते त्याने हसावे. रात्री दोनचे ठोके मोजणाऱ्याला दहा मिनिटांची किंमत विचारावी.

आंघोळ केली आणि लगेच अंथरुणात शिरलो तर मात्र उपयोग कमी, कारण अंग अजून तापलेलेच असते. आमच्या घरातली चूक हीच होती. टीव्हीवरची मालिका संपली की साडेदहाला आंघोळ, पावणेअकराला रजई, आणि मग "गरम पाण्याचाही काही उपयोग नाही" ही तक्रार.

एक बादली पाणीही नसेल तर? बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात दाखवले होते की हातपाय, विशेषतः पाय, उबदार असले की झोप लवकर लागते. म्हणजे घमेल्यात पाय बुडवून बसले तरी बरेचसे काम होते. इथे दूल्हेभाईंनी वुजूची आठवण काढली. बुखारी शरीफमध्ये हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची रिवायत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना झोपण्यापूर्वी नमाजसारखा वुजू करून उजव्या कुशीवर पडायला शिकवले. चेहरा, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय. त्यावर आपाचे सासरे म्हणाले, थंडीत गार पाण्याने वुजू करण्यातच सवाब आहे, गरम पाणी म्हणजे सवलत. वाद रंगला. हदीसमध्ये त्रास होत असतानाही वुजू नीट पूर्ण करण्याची फजीलत आहे, त्रास ओढवून घेण्याची नाही, असे दूल्हेभाईंचे म्हणणे. गरम पाण्याने वुजू दुरुस्त असतो याबद्दल उलेमांमध्ये दुमत नाही, हे सासऱ्यांनीही मान्य केले. पण स्वतः मात्र गार पाण्यानेच वुजू करून आले. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की वुजू इबादतीसाठी आहे, झोपेचे औषध म्हणून नाही. ती सुन्नत पाळताना पाणी कोमट असले आणि झोपही चांगली लागली, तर अल्लाहचे आभार मानावेत.

काही गोष्टींची काळजी मात्र हवी. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांनी पाणी आधी कोपराने तपासावे, नाहीतर भाजल्याचे कळत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

तिसऱ्या दिवशी दूल्हेभाई आम्हाला माजलगाव तालुक्यातल्या शेतावर घेऊन गेले. ऊस तोडणीला आला होता आणि धारूरच्या डोंगरपट्ट्यातली टोळी बांधावर कोप्या घालून उतरली होती. बीड जिल्हा म्हटले की ऊसतोड कामगार आलेच. दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे रिकामी होतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात, कोणी जिल्ह्यातच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनी मिळून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. बायकांना न्हाणीघर नाही, संडास नाही. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. चार लाकडांना लुगडे बांधून केलेला आडोसा मात्र आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला. तेच न्हाणीघर.

मगरिबनंतर कोप्यांपुढे चुली पेटल्या. पाचट भडकन पेटते आणि भडकन विझते, म्हणून एकीला सारखे समोर बसून राहावे लागते. आमची ओळख झालेल्या बाईने आधी नवऱ्याला पाणी दिले, मग दोन पोरांचे हातपाय धुतले, भाकरी थापल्या आणि मग स्वतःसाठी पातेले चढवले. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक बारीक काप होते. अम्मींनी, आपल्या नव्या उत्साहात, गरम पाण्याने झोप कशी लागते ते तिला सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "लागती की मावशी. आंग कसं मोकळं व्हतं. पर डोळा लागला की गाडी येती."

ट्रॅक्टर कारखान्यावरून केव्हा परत येईल याचा नेम नसतो. आला की मोळ्या भरायच्या, मग रात्रीचा एक असो की तीन. आणि पहाटे अंधारातच पुन्हा फडात. अम्मी गप्प झाल्या. परतताना आम्हा दोघांच्या मनात आणखी एक गोष्ट आली. आपाच्या घरी तीन रात्री बंब पेटवला, बादल्या भरल्या, अम्मींच्या पाठीवर पाणी घातले ते आपाच्या सुनेने. सगळ्यांचे झाल्यावर बंबात तिच्यासाठी काय उरत होते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. शेतातल्या घरी पोहोचल्यावर विचारले. ती हसून म्हणाली, "मी सकाळी करते ना, गारच."

दूल्हेभाईंनी काही न बोलता चूल पेटवली आणि तिला म्हणाले, आज आधी तू. ती लाजली, दोनदा नको म्हणाली, मग गेली.

रात्री दीडच्या सुमाराला हॉर्नच्या आवाजाने आम्ही जागे झालो. खिडकीतून ट्रॅक्टरचे दिवे दिसत होते आणि त्या उजेडात डोक्यावर मोळ्या घेतलेली माणसे एकामागून एक चढत होती. अम्मीही उठून बसल्या होत्या. सकाळी आम्ही निरोप घ्यायला बांधावर गेलो तेव्हा टोळी फडात गेली होती. त्या बाईच्या कोपीपुढची चूल विझलेली होती आणि तिने स्वतःसाठी चढवलेले पातेले तसेच त्यावर होते, काठोकाठ भरलेले. तिच्या धाकट्या पोरीने त्यातले तांब्याभर पाणी घेऊन तोंड धुतले.