सतरा सेंटिमीटरचं देणं

गिटार रेकॉर्ड करून मी जे चार पैसे मिळवतो, त्यातले निदान तीन काकांचे आहेत. आकाशवाणीतून निवृत्त होऊन ते आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले होते. नोकरीतली बरीच वर्षं मीडियम वेव्हच्या एकेरी आवाजात गेली. स्टीरिओची हौस त्यांनी घरी, खिडक्यांवर गोधड्या टांगून भागवली.

माझा पहिला धडा माइकविना झाला. "एका कानात बोट घाल, दुसरा कान पुढे कर आणि वाजवणाऱ्याभोवती फीर," ते म्हणाले. फिरलो, तेव्हा कळलं की गिटारचा आवाज मधल्या भोकातून येतो ही समजूत अर्धीच खरी. भोकासमोर पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. तिथे माइक धरला की खर्जाचा नुसता घूंकार. ब्रिजच्या खाली लाकूड जास्त बोलतं. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर किंवा त्याहून थोड्या जास्त अंतरावर, तारेचा लखलखीतपणा आणि लाकडाचा भरीवपणा दोन्ही बेतात मिळतात. वादकाने खुर्ची जरा सरकवली की हे सगळं बिनसतं, म्हणून काका खुर्चीच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टी लावत. मान डोलवायला परवानगी, मांडी हलवायला नाही!

मग निघायचा पुठ्ठा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून त्यांनी 110 अंशांचा कोन कापून ठेवला होता, कडेला पेनने 17 सेंटिमीटरची खूण. फ्रेंच रेडिओने रूढ केलेली ही ओआरटीएफ मांडणी: दोन कार्डिऑइड माइक, तोंडं बाहेरच्या बाजूला, मधलं अंतर साधारण आपल्या दोन कानांमधल्याइतकं. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला 'कृपया आहेर आणू नये' हे अजून वाचता येई. खोली चांगली असेल तर हा पुठ्ठा. खोली खणखणत असेल तर दोन्ही माइकची डोकी एकावर एक आणून 90 अंशांत फिरवायची. एकाच जागच्या जोडीच्या या कल्पनेचं मूळ जुनं: अ‍ॅलन ब्लूमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने 1931 सालीच स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि 1942 मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून तो गेला, अवघ्या 38 व्या वर्षी. हे सांगताना काका घरातलंच कोणी गेल्यासारखे हळहळत.

पण त्यांचं खरं देणं मोनोचं. रेकॉर्डिंग हेडफोनवर कितीही ऐसपैस वाटो, ते दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकल्याशिवाय मान हलवत नसत. आवाजाला 34 सेंटिमीटर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. एक माइक दुसऱ्यापेक्षा तेवढा लांब असला, तर 500 हर्ट्झच्या जवळचा सूर एकीकडे वर जात असताना दुसरीकडे खाली जातो, आणि एकत्र केल्यावर दोघे एकमेकांना खातात. म्हणजे पहिल्या तारेवरचा सातवा फ्रेट नेमका दबतो, आणि बिचारा वादक आपलं बोट नीट पडलं नाही असं समजून पुन्हा वाजवतो. "त्याच्या बोटाला दोष देण्याआधी आपली फूटपट्टी काढ," हे काकांचं वाक्य. आज माझं काम लोक मोबाइलच्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या एकुलत्या स्पीकरवर ऐकतात, तेव्हा मीडियम वेव्हवाल्या माणसाची ती खोड किती व्यवहारी होती ते रोज पटतं.

शिकवणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. माइकची जोडी मात्र फुकट दिली नाही. ठरलेली रक्कम रोख मोजून घेतली आणि रीतसर पावती लिहून दिली. मला ते आवडलं. उपकाराखाली दबलेला माणूस प्रश्न विचारायला कचरतो, आणि मी पुढेही त्यांना बिनदिक्कत पिडत राहिलो.

काका आता नाहीत. मी शिकवतो त्या मुलांना त्यांचीच भाषा ऐकवतो, आणि घरी गिटार रेकॉर्ड करणाऱ्या वाचकांनाही एवढंच सांगेन: तिसरा माइक विकत घेण्याआधी आहेत ते दोन मोनोत ऐका. सूर बारीक झाला, पोकळ वाटला, तर इक्वलायझरला हात लावू नका. माइक हलवा.