दोन इंजिनं आणि एक स्क्रूड्रायव्हर

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत माझ्या डोक्यात कूपे शिरली. कूपे म्हणजे दोन दारांची गाडी. मागे दोन सीटा असतात, पण तिथे बसण्याआधी माणसानं योगासनांचा क्लास लावलेला बरा. बायकोचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "उन्हाळ्यात आई-अण्णा येणार आहेत. त्यांना काय डिकीत बसवणार?" मी म्हटलं, "आपली कोरोला आहेच की." त्यावर ती नुसती "हं" म्हणाली. लग्न झालेल्या मंडळींना या "हं"चा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझं हे खूळ जुनं आहे. २००८ साली मी कराडला पाचवीत होतो. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड' खेळायचो. त्यातली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ मला वहीच्या मागच्या पानावर डोळे मिटून काढता यायची. आता न्यू जर्सीत नोकरीला चार वर्षं झाली, खात्यात थोडे डॉलर साठले, तरी चांगल्या अवस्थेतली एम३ आपल्या आवाक्याबाहेरच. पण तिच्या खालची एक पायरी आहे, ३३५आय कूपे. तोच सांगाडा, तोच सहा गिअरचा मॅन्युअल, आणि जुनी घेतली तर किंमत नव्या कोरोलाच्या निम्मी. ठरलं!

ठरलं असं वाटलं, एवढंच. कारण मग कळलं की ३३५आय ही एक गाडी नाहीच. अमेरिकेत २००७ ते २०१० या मॉडेलांच्या बॉनेटखाली एन५४ नावाचं इंजिन आहे आणि २०११ पासून पुढे एन५५. कागदावर दोघं जुळे भाऊ. दोन्ही २९७९ सीसीचे, सहा सिलेंडर एका ओळीत, दोन्हींची ताकद ३०० हॉर्सपॉवर. आपल्या भाषेत सांगायचं तर एपीआय तोच, आतला कोड वेगळा. आणि जुना कोड ठेवायचा की नवा, यावर आपल्या धंद्यात लोक किती भांडतात ते तुम्हाला माहीतच आहे. :)

आधी एन५४. याला दोन छोटे टर्बो. तीन सिलेंडरांचा धूर एका टर्बोला, उरलेल्या तिघांचा दुसऱ्याला. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या टोकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं या इंजिनाला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'चा मान मिळाला. क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा, म्हणजे भक्कम. त्यामुळे नुसतं सॉफ्टवेअर बदलून लोक यातून बरीच जास्त ताकद काढतात. सॉफ्टवेअर बदलून! आता हे वाचल्यावर माझ्यासारख्या प्राण्याचं काय होणार?

पण याची दुसरी बाजूही तितकीच प्रसिद्ध. इंधनाचा हाय-प्रेशर पंप इतक्या जणांचा गेला की कंपनीनं अमेरिकेत त्याची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सुमारे १,३०,००० गाड्या परत बोलावल्या. ती वाढीव मुदत आता केव्हाच संपली. शिवाय याचे पिएझो इंजेक्टर महाग, आणि टर्बोची वेस्टगेट झिजली की खुळखुळ्यासारखी वाजते.

एन५५ म्हणजे त्याच मंडळींनी केलेलं रिफॅक्टरिंग. दोनाच्या जागी एकच टर्बो, पण ट्विन-स्क्रोल. यात १-२-३ आणि ४-५-६ या सिलेंडरांचा धूर पंख्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी नेतात. सिलेंडर पेटायचा क्रम १-५-३-६-२-४ असल्यामुळे दोन्ही वाटांनी आळीपाळीनं धक्के येतात आणि एकाचा धक्का दुसऱ्याला मारत नाही. परिणाम असा की पूर्ण टॉर्क १४०० ऐवजी १२०० आरपीएमलाच मिळतो. जोडीला व्हॉल्वट्रॉनिक, म्हणजे किती हवा आत घ्यायची ते व्हॉल्व्ह किती उघडायचा यावर ठरतं. इंजेक्टर साधे, सोलेनॉइडवाले. क्रँकशाफ्ट मात्र ओतीव, म्हणून खूप ताकद वाढवायच्या नादी लागणारे याला नाक मुरडतात.

काही दुखणी दोघांची सामायिक. दोन्हींचा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि जाताना फारशी पूर्वसूचना देत नाही. दोन्हींत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये उडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या झोतानं मारतात. व्हॉल्व्हला ओरखडा पडत नाही आणि काजळी निघते. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "तिकडं अक्रोड एवढे स्वस्त आहेत होय?"

आपण इंजिनिअर, तेव्हा निर्णय एक्सेलमध्येच घ्यायचा. सतरा रकाने, प्रत्येकाला वजन, शेवटी बेरीज. एन५४ ला ७१ गुण, एन५५ ला ७३. मग 'आनंद' या रकान्याचं वजन हळूच वाढवलं. एन५४ पुढे! बायकोनं मागून बघितलं आणि म्हणाली, "उत्तर आधीच ठरलंय, तर बेरीज कशाला करतोयस?"

मग अण्णांना फोन लावला. अण्णा एसटीच्या आगारात एकतीस वर्षं मेकॅनिक होते. स्वतःची चारचाकी त्यांनी आयुष्यात घेतली नाही. मी अर्धा तास ट्विन-स्क्रोल समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सहा एका वळीत, म्हणजे आपल्या लेलँडसारखंच की. ते सगळं ठीक हाय. पण ऑइल कुणी बदललंय? कधी कधी बदललंय? आन् थंड असताना चालू करून ऐकलंस का?"

सतरा रकान्यांत यातला एकही प्रश्न नव्हता.

पहिली गाडी पाहिली ती एका डीलरकडे, २०११ ची एन५५. काळी, आरशासारखी चकचकीत, मैलही कमी. अण्णांनी बजावलं होतं म्हणून मी पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवला. गरम. बाहेर तापमान शून्याच्या खाली आणि बॉनेट गरम! मी येण्याआधी गाडी वीसेक मिनिटं तरी चालू ठेवलेली असणार. सर्व्हिसचे कागद मागितले तर विक्रेता म्हणाला, रिपोर्ट क्लीन आहे. रिपोर्ट क्लीन म्हणजे अपघाताची नोंद नाही एवढंच. ऑइलचं त्यात काय कळणार? मी आभार मानून निघालो.

दुसरी गाडी पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनजवळ. २००९ ची एन५४, मालक एक निवृत्त टूलमेकर आजोबा. मी येईपर्यंत त्यांनी गाडीला हातही लावला नव्हता. "आता चालू कर आणि ऐक," म्हणाले. टेबलावर एक जाडजूड फाइल. पंप कधी बदलला, इंजेक्टर कधी, कुठल्या पार्ट नंबरचे, सगळं सुवाच्य अक्षरात. कंपनी १५,००० मैलांपर्यंत ऑइल चालतं म्हणायची, हे दर ५,००० ला बदलत. नंतर गाडी चालवली. मंडळी, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि मी पुन्हा कराडच्या त्या सायबर कॅफेत होतो. किंमतही एन५५ पेक्षा अडीच हजार डॉलरनं कमी. मी मनातल्या मनात चेक लिहिला.

निघताना आजोबांनी सहज विचारलं, "तुझ्याकडे गराज आहे?"

"नाही. अपार्टमेंटमध्ये राहतो. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बंदी आहे."

त्यांनी त्यांच्या गराजमधल्या लिफ्टकडे बघितलं. म्हणाले, "या फाइलमधलं प्रत्येक काम मी इथे केलंय. माझा वेळ फुकट होता, म्हणून मला ही गाडी परवडली. तू विचार करून सांग."

मी सोमवारी फोन करतो म्हणालो. आणि सोमवारी सकाळी ऑफिसात अकरापैकी चौघांचे लॅपटॉप बंद झाले. माझा चालू होता. पण ज्या मित्राबरोबर मी रोज जेवायला बसायचो, त्याचा बंद होता. एच-१बी वर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरा काही मार्ग, नाहीतर सामान बांधायचं. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तर तो सोफ्याचे फोटो काढत होता, विकायला. त्याची गाडी मात्र दोन दिवसांत गेली, कारण ती साधी होती.

रात्री दोन वाजता मी छताकडे बघत पडलो होतो. पहिल्यांदाच प्रश्न नीट दिसला. कुठलं इंजिन चांगलं, हा प्रश्न नव्हताच. इंजिन बिघडेल त्या दिवशी माझ्याकडे काय असेल, हा होता. आजोबांकडे लिफ्ट होती, हत्यारं होती, चाळीस वर्षांचा हात होता आणि वेळ होता. माझ्याकडे यातलं काही नाही, शिवाय डोक्यावर साठ दिवसांचं घड्याळ. तेच इंजिन त्यांच्याकडे छंद होतं, माझ्याकडे ते कर्ज झालं असतं. आणि खरं सांगतो, हे मान्य करताना जरा लाजही वाटली. सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस, वहीत गाड्या काढणारा, आणि एका पान्याला हात लावायची सोय नाही!

अण्णांना सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, "बस चांगली नसती बाळा, आगार चांगलं असतं. आमची कंडम झालेली गाडी आम्ही पळवायचो, कारण रात्री ती आमच्याकडंच यायची."

आजोबांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या. बायकोच्या अटी आता दोन होत्या. सहा महिन्यांचा खर्च बँकेत तसाच राहील, आणि गाडीच्या दुरुस्तीचे चार हजार डॉलर वेगळे ठेवायचे. या दोन्ही बसवून जी रक्कम उरली त्यात मार्चमध्ये एक २०१२ ची एन५५ मिळाली. ७८,००० मैल, मॅन्युअल. मालकीण प्रिन्सटनला शिक्षिका, दुसरं मूल झालं म्हणून मोठी गाडी हवी होती. बिलं सगळी, ऑइल दर ६,००० ला. बॉनेट थंडगार. तरी अडीचशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घेतली आणि १४,२०० ला सौदा झाला. वय झालंय म्हणून पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट लगेच बदलून टाकले. चार हजारांच्या डब्याला पहिला हात लागला, पण डबा होता म्हणून झोप उडाली नाही.

एन५४ ची आठवण येते का? येते. वरच्या आरपीएमला ती मजा वेगळी होती, उगाच खोटं कशाला बोलू. कधी स्वतःचं गराज झालं तर बघू.

जूनमध्ये आई-अण्णा आले. वर्कशॉपच्या आवाजानं अण्णांचे कान आता बरेच गेलेत, डाव्या कानाला मशीन असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते तयार होऊन खाली उभे. मशीन काढून खिशात ठेवलं. म्हणाले, "लांब स्क्रूड्रायव्हर हाय का?" फर्निचर जोडायला घेतलेला एक होता. मी गाडी चालू केली. त्यांनी फिरत्या भागांपासून लांब, एका कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटून सहा ठिकाणी ऐकलं. एकतीस वर्षं असंच ऐकत आले होते.

मग बंद कर म्हणून खूण केली, हात पुसले आणि म्हणाले, "सहाच्या सहा एकसारखी चालत्यात. ऑइल वेळेवर बदलत जा."

त्यानंतर त्यांना पुढच्या सीटवर बसवून तासभर फिरवून आणलं. आई कोरोलातून मागून आली, बायकोबरोबर. योगासनांचा क्लास तिनं लावला नव्हता. :)