पत्र्याचा तुकडा

रायपूर येथील माझ्या छोट्याशा पत्र्याच्या कारखान्यात, ऐरणीमागच्या भिंतीवर, ॲल्युमिनियमचा एक वीतभर तुकडा खिळ्याला टांगलेला आहे. त्याची एक बाजू गोलसर आहे, तर दुसरी माशाच्या शेपटीकडील अंगासारखी निमुळती. कुलर दुरुस्त करून घ्यायला आलेले लोक कधी कधी विचारतात, “हे काय आहे?” मी सांगतो, “विमानाचा भाग आहे.” लोक हसतात. त्यांना वाटते, मी थट्टा करतो आहे. माझे म्हणणे खरेच असते. तो तुकडा विमानासाठीच केला होता. मात्र तो लावून ते विमान कधी उडाले नाही. असे का झाले, त्याचीच ही हकिगत.

रायपुरात आमच्यासारखी मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळी आणि पुढे इंग्रजी अमलातील मध्य प्रांतातही छत्तीसगडचा कारभार नागपुराहूनच चाले. 1956 साली नागपूर एका राज्यात गेले आणि रायपूर दुसऱ्या. परंतु आमची सोयरीक, आमची बोली आणि नागपूरला जाणारी आगगाडी तशीच राहिली. माझे वडील पत्र्याचे काम करीत. नववीत असताना मी शाळा सोडली आणि त्यांच्या हाताखाली बसलो. डबे, चाळण्या, धान्याच्या कोठ्या, सारे काही मला जमू लागले. मला वाटे, पत्र्यातले आता शिकायचे ते काय उरले?

1984 साली वडिलांचे एक स्नेही आमच्याकडे आले. ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमाने तपासणारे परवानाधारक अभियंता होते. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांना एका जुन्या विमानावर पत्र्याचे काम करण्यासाठी हलका हात असलेला मुलगा हवा होता. वडील म्हणाले, “घेऊन जा. हात चांगला आहे. घाई मात्र फार करतो.”

ते विमान म्हणजे ‘पुष्पक’. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांपुरते, डोक्यावर पंख असलेले आणि कापडाने मढवलेले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते घडले आणि 1958 साली प्रथम उडाले. पुढे देशभरातील फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिकांनी आपले पहिले धडे त्यावर गिरवले. त्याच्या प्रत्येक पंखाला खालून दोन तिरप्या दांड्यांचा आधार असतो. हँगरमधले लोक त्यांना ‘स्ट्रट’ म्हणत. दांडी जिथे पंखाला आणि विमानाच्या अंगाला जोडलेली असते, तिथे पट्ट्या, बोल्ट आणि नट यांचा ओबडधोबड गुंता असतो. त्यावर बसवायचे पत्र्याचे आवरण म्हणजे फेअरिंग. जुनी आवरणे चेपली होती, फाटली होती. ती मला नवी करायची होती.

“एवढ्याशा गाठीला आवरण कशाला?” मी विचारले.

काका म्हणाले, “तुमच्या महादेव घाटावर खारून नदीत रोवलेला बांबू पाहिला आहेस ना? पाणी त्याला वळसा घालते, पण त्याच्या मागे काय होते?”

“भोवरे होतात.”

“आणि माशाच्या मागे?”

मी गप्प राहिलो. काका सांगू लागले. गोल वस्तूच्या मागच्या बाजूस वारा तिला बिलगून राहू शकत नाही. तो सुटतो, भोवरे होतात आणि ते वस्तूला मागे ओढतात. तेवढ्याच जाडीच्या, पण मागे निमुळत्या होत गेलेल्या वस्तूला होणारा विरोध सुमारे दहापटींनी कमी असू शकतो. वस्तूला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा उलगडा जर्मनीतील लुडविग प्रांटल या शास्त्रज्ञाने 1904 साली केला होता. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे याच प्रांटल यांच्या हाताखाली शिकून भारतात परतले. आपल्या देशात आखलेले ‘एचटी-2’ हे शिकाऊ विमान आणि त्यानंतरचे पुष्पक, ही दोन्ही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाली. पुढ्यातल्या पत्र्यामागे एवढे मोठे शास्त्र उभे आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

मी कामाला लागलो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पत्रा. वाळूच्या पिशवीवर ठेवून तो लाकडी हातोड्याने हळूहळू फुगवायचा असतो. ठोकता ठोकता ॲल्युमिनियम कडक होते आणि तडकू पाहते. म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. पण हा धातू लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळतो. काकांनी युक्ती शिकवली: पत्र्यावर साबण घासायचा, दुसऱ्या बाजूने ज्योत फिरवायची आणि साबण काळपट होताच ज्योत दूर करायची. शिवाय त्यांनी बजावले की, घडीची रेघ टोकदार सळईने ओढायची नाही. ओरखड्यातूनच तडा जातो. शिसपेन्सिलही नको, तिच्या रेघेपाशी ॲल्युमिनियम गंजते.

दोन तुकडे वाया गेले, तिसरा सुरेख जमला. संध्याकाळी मी तो दांडीच्या खालच्या जोडावर बसवून पाहिला, तेव्हा त्याची आतली कड दांडीला घासत होती. रंगावर केसाएवढी चकचकीत रेघ उमटलेली दिसली. कड कापून तिथे चामड्याची पट्टी लावायला हवी होती. शिवाय घाईत मी जुन्या सवयीने सळईनेच रेघ ओढली होती. मनात आले, हे सारे आतच तर राहणार आहे. मी स्क्रू घट्ट आवळले. बाहेरून ते आवरण आरशासारखे झळकत होते. काकांनी पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिकाऊ मुलाचे उड्डाण होते.

रात्री मला झोप लागली नाही. पहाटे मी काकांच्या दारात उभा राहिलो आणि सारे सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. हँगरमध्ये येऊन त्यांनी आवरण उतरवले. घडीवर नखभर लांबीचा तडा होता. दांडीवरची ती रेघ त्यांनी मला बोटाने चाचपायला लावली.

“तुझा पत्रा काहीच वजन उचलत नाही,” ते म्हणाले. “तो गळून पडला तरी पंख पडणार नाही. पण ज्या जोडावर पंखाचा भार आहे, तो जोड हा पत्रा झाकतो. आत कड घासत राहिली तर रंग जाईल, पाणी साचेल, लोखंड गंजेल. आणि बाहेरून आरशासारखे दिसते, म्हणून कोणी उघडून पाहणार नाही. झाकणाऱ्याचे काम म्हणूनच अधिक चोख हवे.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “काल दिलेली शाबासकी मी परत घेतो. मीही आत न पाहताच ती दिली. ती चूक माझी.”

त्या दिवशी विमान उडाले नाही. तो शिकाऊ मुलगा दूरवरून सायकलने आला होता. तो निमूटपणे परत गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला जी लाज वाटली, ती कोणाच्या रागावण्याने वाटली नसती. पुढच्या दोन दिवसांत मी नवे आवरण केले. कडेला चामडे लावले, तळाशी पाणी निथळण्यासाठी भोक ठेवले. काकांनी आतून बाहेरून पाहिले आणि मगच नोंदवहीत सही केली. तिथे काय लिहिले आहे, ते मला वाचता आले नाही. पुढे मी बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसलो, त्यामागे ही खंतही होती.

नाकारलेला तुकडा मी काकांकडून मागून घेतला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्या दिवशी मी तोच देतो. मुले त्याची झळकणारी बाजू न्याहाळतात. मग मी तो त्यांच्या हातात उलटा करतो आणि आतल्या कडेवरून बोट फिरवायला सांगतो.