पन्नाशीनंतरची मुळाक्षरे

ज्या वयात मनुष्य नातवंडांकडून मुळाक्षरे गिरवून घेतो, त्या वयात आम्ही स्वतःच पाटी घेऊन बसलो, ही गोष्ट प्रारंभीच कबूल केलेली बरी. तुमसरच्या एका महाविद्यालयात आम्ही गेली सव्वीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवीत आहो. फुलाचा उभा छेद, पानाच्या शिरा, मेंडेलचे वाटाणे, ही आमची वडिलोपार्जित नसली तरी स्वकष्टार्जित इस्टेट. आणि तिच्या उत्पन्नावर निवृत्तीपर्यंतचे दिवस सुखाने कंठता येतील, असा आमचा अंदाज होता. परंतु अभ्यासक्रम बदलला, आणि त्यात ‘जनुकसंचाच्या माहितीचे संख्याशास्त्रीय व संगणकीय विश्लेषण’ असा एक लांबलचक पाहुणा येऊन बसला. त्याचे आदरातिथ्य करावयाचे कोणी? विभागात वयाने वडील आम्ही. मान आमचा, म्हणून भारही आमचाच.

येथे एक गुपित सांगितले पाहिजे. आमच्या पिढीतील कित्येकजण जीवशास्त्राकडे वळले ते फुलापाखरांच्या प्रेमाने नव्हे. गणित टळते म्हणून. आम्ही त्यांपैकीच एक. इंग्रजी कवींच्या ओळी आम्हांस तोंडपाठ होत्या. पण अपूर्णांक दिसला की घशाला कोरड पडे. जे तारुण्यात चुकविले ते उतारवयात दारात उभे राहिले, आणि या वेळी मागील दाराने निसटावयास वाव उरला नव्हता.

विषयाचा आवाका पाहून तर आमची छातीच दडपली. तुमसरची बाजारपेठ धानाची. हंगामात बैलगाड्यांची जागा घेतलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि सगळ्या गावावर कोंड्याची बारीक धूळ तरंगत असते. त्या पोत्यांतील एक दाणा घ्या. त्याच्या अंकुराच्या पेशीत बारा गुणसूत्रांच्या जोड्या असतात, आणि त्या बारांवरील मजकूर केवळ चार अक्षरांत लिहिलेला असतो. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तो वाचला आणि 2005 साली प्रसिद्ध केला. त्यांत भारतीयही होते, व अकराव्या गुणसूत्राचा एक भाग त्यांनी उलगडला. एकूण मजकूर सुमारे एकोणचाळीस कोटी अक्षरांचा. एका पानावर दोन हजार अक्षरे मावतात असे धरले, तर जवळजवळ दोन लक्ष पानांचा ग्रंथ झाला. आणि असा ग्रंथ पोटात घेऊन तो दाणा आमच्या ताटात रोज निमूटपणे येऊन पडत होता! माणसाचा ग्रंथ याहून मोठा, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. असले ग्रंथ डोळ्यांनी वाचावयाचे नसतात. त्यांस यंत्र हवे, आणि यंत्रास काय विचारावे हे कळण्यासाठी संख्याशास्त्र हवे.

तेव्हा आम्ही ‘आर’ नावाची संगणकाची भाषा शिकू लागलो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे दोन संख्याशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती तयार केली आणि जगास फुकट देऊन टाकली. फुकट मिळालेली वस्तू सोपी असेल, हा आमचा समज पहिल्याच रात्री दूर झाला. एक स्वल्पविराम सुटला की यंत्र तांबड्या अक्षरांत आमची निर्भर्त्सना करी. उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई वापरण्यात आमचा जन्म गेला. ती आपल्या अंगावर आली म्हणजे कशी लागते, याचा अनुभव प्रथमच आला. आमच्या घरातील मंडळी दारात उभी राहून म्हणत, “अहो, मुलांना एवढं रागावत होतात, आता कळलं ना?” यावर देण्याजोगे उत्तर आम्हांपाशी नव्हते.

या कामी आम्हांस आधार मिळाला तो आमच्याच एका विद्यार्थ्याचा. जवळच्या खेड्यातील धानशेतकऱ्याचा हा मुलगा वर्गात मागील बाकावर बसे, आणि आम्ही त्यास मंद समजत होतो. यंत्रापुढे मात्र तो गुरू आणि आम्ही शिष्य. तथापि त्याने आपली मर्यादा कधी सोडली नाही. चूक दाखवावयाची तरी तो आधी म्हणे, “सर, माझंच चुकत असेल.”

सहा महिन्यांनी आम्हांस पंख फुटले. परदेशातील संशोधकांनी सर्वांस खुली ठेवलेली भाताच्या सोळा रोपांची माहिती आम्ही उतरवून घेतली. आठ रोपांस एक द्रव्य दिलेले, आठांस न दिलेले. आणि प्रत्येक रोपात सुमारे साडेसदतीस हजार जनुकांपैकी कोणते किती कार्यरत आहे, याचे आकडे. दोन गटांत कोणत्या जनुकांचा फरक ‘लक्षणीय’ आहे, हे काढावयाचे होते. रूढ कसोटी अशी की, मुळात काही फरक नसता केवळ योगायोगाने एवढी तफावत दिसण्याचा संभव शेकडा पाचाहून कमी असेल, तर ती लक्षणीय मानावी. आम्ही आज्ञा दिली. क्षणभराने पडद्यावर आकडा उमटला: 1,912 जनुके! त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्यांपैकी कित्येकांची नावे आम्ही पाठ केली, त्यांचे परस्परसंबंध कल्पिले, एक सुरेख उपपत्ती रचली, आणि नागपुरास भरावयाच्या एका परिषदेकडे निबंधाचा गोषवारा पाठवून दिला. सहकाऱ्यांस पेढेही वाटले.

चार दिवसांनी तो विद्यार्थी आला. कागद पाहून बराच वेळ गप्प राहिला.

“सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“साडेसदतीस हजारांचे शेकडा पाच किती होतात, सर?”

आम्ही मनात हिशेब केला. अठराशे पंचाहत्तर. आणि आमच्या हाती लागले होते एकोणीसशे बारा!

वाचकांपैकी ज्यांस हे अजून उमगले नसेल त्यांनी असे समजावे. एखाद्या ज्योतिष्याने पावसाचे भाकीत केले आणि ते खरे ठरले, तर त्याचा लौकिक होतो. पण साडेसदतीस हजार ज्योतिष्यांनी डोळे मिटून काहीतरी सांगितले, आणि डोळे मिटून सांगितलेले शंभरांत पाच वेळा जुळते असे असले, तर अठराशेंवर माणसे त्रिकालज्ञ ठरतील. त्यांच्या पालख्या काढावयाच्या काय? आम्ही त्या पालख्याच काढल्या होत्या. मुलाने आणखी एक खटाटोप करून दाखविला. सोळा रोपांवरील चिठ्ठ्या त्याने सरमिसळ करून टाकल्या, म्हणजे कोणास द्रव्य दिले आणि कोणास नाही याचा अर्थच नाहीसा झाला. आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. तरीही लक्षणीय जनुके निघाली. कधी थोडी कमी, कधी थोडी अधिक. आमची उपपत्ती निरर्थक चिठ्ठ्यांवरही तितक्याच ऐटीत उभी राहिली असती! या दोषावर बेंजामिनी व हॉखबर्ग या दोघांनी 1995 साली एक सुलभ तोडगा सुचविलेला आहे, व तो ‘आर’मध्ये एका ओळीचा आहे. ती ओळ आम्ही लिहिली. 1,912 पैकी एकही जनुक उरले नाही.

खरे सांगावयाचे तर पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. गोषवारा गेलेला आहे. परिषदेत खोदून विचारणारा कोण असणार. आणि पेढे तर खाऊन झालेले. पण समोर तो मुलगा मान खाली घालून उभा होता, जणू अपराध त्याचाच. सव्वीस वर्षे आम्ही ज्यांस ‘कॉपी करू नका’ म्हणून बजावीत आलो, त्यांतील हा एक. दुसऱ्या दिवशी आम्ही परिषदेस पत्र लिहून गोषवारा परत घेतला, आणि वर्गात सगळी हकीकत आरंभापासून सांगितली. मुले हसतील अशी भीती होती. ती हसली नाहीत. उलट त्या दिवशी प्रथमच मागील बाकांवरून प्रश्न आले.

त्यानंतर आम्ही सावकाश चालू लागलो. गुणसूत्रावरील जनुकांचा नकाशा कसा काढतात, हे शिकत असता एके संध्याकाळी पडद्यावरील इंग्रजी शब्दांच्या गर्दीत एक नाव दिसले: कोसंबी. प्रथम डोळ्यांवर विश्वास बसेना. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव, 1907 साली गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर कोसंबी! इतिहासकार म्हणून आम्ही त्यांस ओळखत होतो. जुन्या नाण्यांची वजने करून त्यांतून त्यांनी इतिहास काढला, हेही ऐकून होतो. पण 1944 साली त्यांनी एका चार पानी लेखात जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले, आणि ते आजही वापरात आहे, याचा आम्हां वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकास पत्ता नव्हता.

सूत्राची गोम अशी. बीजपेशी होताना जोडीतील गुणसूत्रे आपले तुकडे अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल अधिक. तीवरून अंतर काढावयाचे. परंतु मध्ये दोन वेळा अदलाबदल झाली, तर ती एकमेकींस पुसून टाकतात आणि मोजणाऱ्यास काहीच दिसत नाही. हाल्डेन यांनी 1919 साली असे धरले की, या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतात. कोसंबींनी ध्यानात घेतले की, एक अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी होण्यास अडथळा येतो. शंभरांत वीस वेळा अदलाबदल दिसली, तर हाल्डेनच्या रीतीने अंतर साडेपंचवीस निघते, कोसंबींच्या रीतीने सुमारे एकवीस. आकडे तेच, गृहीत बदलले की अंतर बदलते. आमच्या फजितीचेही मर्म हेच नव्हते काय? आम्ही यंत्रास उत्तर विचारले होते. आपण काय धरून चाललो आहो, हे स्वतःस विचारले नव्हते.

परवा बाजार समितीच्या आवारातून येत होतो. एक व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे काढीत होता. एका पोत्यातून नव्हे, ढिगाच्या वरून, खालून, कडेने. हातावर घेऊन निरखून मग भाव सांगे. एकाच पोत्यावरून सगळ्या मालाचा भाव करणारा येथे टिकत नाही, हे त्यास कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेले नव्हते. आम्ही थोडा वेळ उभे राहून ते पाहिले. घरी आलो तो विद्यार्थी ओट्यावर वाट पाहत बसला होता. हातात नवा कागद.

“सर, यात काहीतरी निघालंय,” तो म्हणाला, “पण आधी तुम्ही तपासा.”

आम्ही चष्मा पुसला आणि त्याच्या शेजारी बसलो.