गाणं दहा पैशांना

१९९२ साली सांगलीत गाणी भरून घ्यायची, तर आधी यादी करावी लागायची. वहीचं रेघी पान, त्यावर दोन रकाने: ए बाजू, बी बाजू. साठची कॅसेट, म्हणजे बाजूला तीस मिनिटं. मी मिनिटांची बेरीज मांडून बसायचो, तरी शेवटच्या गाण्याचा अंतरा मध्येच तुटायचाच. कोरी कॅसेट धरून दुकानदार ३५ रुपये घ्यायचा आणि "आठ दिवसांनी ये" म्हणायचा. बारा गाणी, गाण्यामागे जवळपास तीन रुपये. विद्यार्थ्याला ते जड जायचे, म्हणून यादीतलं एकेक नाव चारदा खोडलं जायचं.

२००७ मध्ये पुण्यात पहिला एमपीथ्री प्लेअर घेतला. दोन जीबीचा, २,२०० रुपयांना. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी होती. मी सवयीनं यादी काढली. पोरगा म्हणाला, "निवडत काय बसता काका? अख्खं फोल्डरच टाकतो." अर्ध्या तासात प्लेअर गच्च. चाळीस रुपये.

घरी येऊन हिशेब केला. साध्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते. पाच मिनिटांचं गाणं धरलं तर दोन जीबीत चारशे गाणी. म्हणजे दहा पैशांना एक! रीतसर घ्यायची, तर बारा गाण्यांची सीडी सव्वाशेला. चौतीस सीड्यांचे सव्वाचार हजार, प्लेअरच्या जवळजवळ दुप्पट. अमेरिकेत ॲपलच्या ऑनलाइन दुकानात गाणं ९९ सेंटला मिळायचं, तेव्हाचे चाळीस रुपये. त्या भावानं सोळा हजार! आणि ते दुकान तेव्हा भारतात नव्हतंच; उघडलं थेट २०१२च्या डिसेंबरात. मग आपण तरी काय करणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कानात बोंडं घातली.

'मराठी मिक्स' नावाच्या फोल्डरमध्ये 'ट्रॅक ०७' नावाचं एक भावगीत निघालं. चाल ओळखीची होती. आमच्याच सोसायटीतल्या एका काकांची. संध्याकाळी प्लेअर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "सुरुवातीचा व्हायोलिनचा तुकडा गेला की रे यातला," एवढंच म्हणाले. मग पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर विचारलं, "केवढ्याला पडलं?"

मी खाली बघत सांगितलं, "दहा पैसे."

"यात माझे किती?" ते हसले. "रेकॉर्डिंगच्या दिवशी पाकीट मिळालं होतं. त्यानंतर भाव सांगणारा तू पहिलाच."

दुसऱ्या दिवशी त्या गाण्याची मूळ कॅसेट विकत घ्यायचीच, म्हणून लक्ष्मी रोड पालथा घातला. कुणाकडे नव्हती, एका जुन्या दुकानदारानं ती निघायची कधीच बंद झाल्याचं सांगितलं. काकांकडे होती ती एकुलती एक, टेपला बुरशी धरलेली.

शेवटी माझ्या प्लेअरमधलं, व्हायोलिन कापलेलं ते गाणं मी सीडीवर उतरवलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाटात जपून ठेवली आणि खिशात हात घालत विचारलं, "कोऱ्या सीडीचे किती झाले रे?"