सेलूहून माथेरान : लेखांक दुसरा

सोमवार, नेरळ

काल रात्री वर्ध्याला सेवाग्राम एक्सप्रेस धरली, कल्याणला उतरून कर्जत लोकलने नेरळ गाठले, तोवर डोंगराची गाडी निघून गेली होती. सबब आजचा मुक्काम येथेच. एकीकडे विजेच्या तारांखाली लोकल उभी, माणसे उतरवते न उतरवते तोच नवी भरून घेणारी; पलीकडे दोन फूट रुंदीचे ते चिमुकले रूळ, वर ना तार ना खांब. आमच्या जिल्ह्यातील पुलगाव-आर्वी मार्ग अडीच फुटी होता, १९१७ सालचा; आज त्यावर गाडी नाही, परंतु अरुंद रूळ दिसले की सेलूच्या माणसाला तो आठवतोच.

मंगळवार, माथेरान

सर आदमजी पीरभाई यांच्या द्रव्यबळावर १९०७ साली खुला झालेला हा मार्ग विसास एक असा चढ चढतो, म्हणजे वीस फूट पुढे सरकावे तेव्हा एक फूट उंची पदरात पडते. आणि दातेरी रुळाचा आधार न घेता, केवळ नालाकृती वळणांच्या युक्तीने तो ती साधतो, त्यामुळे मघाशी उजवीकडे सोडलेले नेरळ पुन्हा डावीकडे हजर होते. स्वित्झर्लंडातील बेर्निना रेल्वे, जिचा पहिला टप्पा पुढच्याच वर्षी सुरू झाला, मीटरभर रुंदीच्या रुळांवरून चौदास एक असा चढ विजेच्या बळावर चढते. आमचे डिझेल इंजिन मात्र जुम्मापट्टीपर्यंतच चांगले धापावले होते. पूर्वी उतारावर डब्याडब्यावर हातब्रेकपाशी माणूस उभा असे आणि इंजिनाच्या शिटीवरून हुकूम ओळखी. मार्गावर बोगदा एकच; त्याचे साहेबी नाव लिहिण्यास माझ्या वयाला संकोच वाटतो.

बुधवार, अमन लॉज

मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्याने येथून गावापर्यंतची शटल हीच रहिवाशांची खरी गाडी. प्रवासी खिडकीबाहेर हात काढून छायाचित्रे घेत होते. समोरच्या बाकावरील मुलगा, जांभ्याच्या तांबड्या धुळीने मोजे माखलेला, पाढे घोकत होता आणि खिडकीकडे त्याचे लक्षही नव्हते. शेजारच्या बाईंच्या पायाशी मेथीच्या जुड्यांची टोपली होती.

"काका, कुठले तुम्ही?"

"वर्ध्याकडचा. सेलूचा."

"तिकडं आहे का अशी गाडी?"

"होती," मी म्हणालो.

त्यांनी टोपली स्वतःकडे ओढून माझ्या पायांना जागा करून दिली.

(क्रमशः)